जुनं टाकण्याआधी विचारा!

या वेळी कचरा, पुनर्वापर आणि घरातली बचत यावर एवढी पत्रं आली की प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. तुमचा प्रश्न शब्दशः दिसला नाही तरी उत्तर बहुतेक सापडेल.

प्रश्न: ताई, घरी ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट खत करायला घेतलं पण डब्याला इतका घाण वास येतोय की घरातले म्हणतात बंद कर हे सगळं. वरती अळ्या पण झाल्यात. टाकून देऊ का?

उत्तर: अजिबात टाकू नका, हे सुधारतं आणि लवकर सुधारतं. वास कसला आहे ते आधी बघा, कारण त्यावरच पुढचं ठरतं. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाहीये, सगळं ओलं होऊन एकमेकांना चिकटून बसलंय आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी ताबा घेतलाय. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर ओला कचरा जास्त आणि कोरडा कमी पडलाय. दोन्हीवर पहिला इलाज एकच, कोरडं घालायचं! वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे हाताने फाडलेले तुकडे, अंड्यांचा कागदी ट्रे, लाकडाचा भुसा, जे घरात असेल ते. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडं, असं नुसत्या नजरेनेच मोजा, वजन करत बसू नका. (पुस्तकात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असं दिलेलं असतं, ते यानेच साधारण जमतं, कारण कोरड्यात कार्बन जास्त आणि ओल्यात नायट्रोजन.) मग काठीने तळापर्यंत ढवळा, नुसतं वरवर हलवून उपयोग नाही कारण वास तळातूनच येत असतो. डब्याला खाली भोकं नसतील तर आधी ती पाडा.

ओलावा किती हवा हे समजायला सोपी पद्धत आहे. हातमोजा घालून मूठभर माल घ्या आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाणी गळलं तर फार ओलं, मूठ उघडल्यावर भुगा होऊन सुटलं तर फार कोरडं, आणि गोळा तसाच राहिला, जेमतेम एखादा थेंब आला तर एकदम बरोबर. ही मूठ अधूनमधून दाबून बघत राहिलात तर कंपोस्टच्या निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

अळ्यांना घाबरू नका, त्या कचरा खातायत म्हणजे तुमचंच काम करतायत, फक्त ओलावा जास्त झालाय असं समजा. कोरड्याचा जाड थर वर पसरला की माशांना अंडी घालायला जागा मिळत नाही आणि अळ्या हळूहळू कमी होतात. पांढरी बुरशी दिसली तर ती चांगलीच. मांस, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलंसुरलं मात्र घरगुती डब्यात घालू नका, त्याने वासही येतो आणि उंदीरही. तयार कंपोस्ट काळपट तपकिरी दिसतं, त्याला मातीचा वास येतो आणि त्यात सालं-देठं ओळखू येत नाहीत, याला काही महिने लागतात, घाई करू नका.

आणि घरच्यांना हे जरूर सांगा की हाच ओला कचरा कचऱ्याच्या मोठ्या ढिगाऱ्यात दबला की हवेअभावी त्यातून मिथेन वायू निघतो, आणि १०० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट जास्त उष्णता अडवतो. त्या मानाने तुमचा डबा खूप काही वाचवतोय.

प्रश्न: बाटलीखाली त्रिकोण आणि नंबर असतो म्हणजे ती रिसायकल होते ना? मी त्रिकोण बघून सगळं एकत्र टाकते.

उत्तर: हा गैरसमज सगळीकडे आहे आणि यात तुमची काही चूक नाही, ती खूणच तशी आहे. हे नंबर १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केले, प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे हे वर्गवारी करणाऱ्याला कळावं एवढ्यासाठी. बाणांच्या त्रिकोणामुळे लोकांना वाटायला लागलं की हे रिसायकल होणारच, म्हणून २०१३ मध्ये नियमात बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवला, पण जुन्या साच्यांमुळे बाण अजून दिसतात.

आता बाटली उलटी करून बघा. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पू आणि डिटर्जंटच्या जाड, दुधी बाटल्या. या दोघांना बहुतेक ठिकाणी मागणी असते. ५ म्हणजे पीपी, डबे आणि बरीच झाकणं, हे काही ठिकाणी घेतात. ३ (पीव्हीसी), ६ (थर्माकोलवालं पॉलिस्टायरीन) आणि ७ (इतर सगळं मिसळून) फार कमी ठिकाणी घेतात. ४ नंबरच्या मऊ पिशव्या बाकीच्या प्लास्टिकबरोबर टाकूच नका, त्या वर्गवारीच्या मशीनच्या फिरत्या भागांना गुंडाळल्या जातात आणि मग सगळं काम बंद करून माणसाला आत हात घालून कापून काढाव्या लागतात. त्या वेगळ्या गोळा करून घेतात का ते विचारा, नाहीतर घरातच पुन्हा पुन्हा वापरा.

नंबरापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे डबा रिकामा आणि कोरडा हवा. साबण लावून चकाचक करायची गरज नाही, भांडी धुतल्यावर उरलेल्या पाण्याने विसळला तरी पुरे. पण अर्धी भरलेली सॉसची बाटली कागदाच्या गठ्ठ्यावर सांडली तर बाटलीचं तर सोडाच, तो कागदही वाया जातो.

प्रश्न: दुकानातून मिळणारी पावती कागदात टाकावी का?

उत्तर: नको. गुळगुळीत पावती थर्मल कागदाची (म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छपाई होणाऱ्या) असते, त्यावर रसायनाचा थर असतो (बऱ्याचदा बीपीए किंवा बीपीएस) आणि तो बाकीच्या कागदात मिसळतो. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर थर्मल. शक्य असेल तिथे पावती नको म्हणून सांगा.

प्रश्न: मी ठरवलंय की स्वयंपाकघरातले सगळे प्लास्टिकचे डबे काढून काचेचे आणायचे, कापडी पिशव्या पण नव्या घ्यायच्यात, कोणत्या घेऊ?

उत्तर: मला तुमचा उत्साह मनापासून आवडला आणि म्हणूनच स्पष्ट सांगते, सध्या काहीच घेऊ नका. जो डबा घरात आलाय त्याला बनवताना लागलेलं तेल, वीज, पाणी खर्च होऊन गेलंय, तो धडधाकट असताना टाकला की तो सगळा खर्च वाया आणि वर नव्या काचेचा खर्च. काच वितळवायला भट्टी १५०० अंशाच्या आसपास तापवावी लागते. तुमच्या चिंतेचं कारण आरोग्य असेल तर गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवू नका आणि प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, बाकी त्याच डब्यांत कोरडं धान्य, बटणं, खिळे, दोरे, बिया काहीही ठेवा. तडा गेला की मग बदला, आणि तेव्हासुद्धा आधी रिकाम्या झालेल्या काचेच्या बरण्या वापरा, त्या घरात येतच असतात.

पिशव्यांचंही तेच. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ साली हिशोब मांडला होता की फक्त हवामानबदलाचा विचार केला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, आणि तीच पातळ पिशवी पुन्हा वापरली तर आकडा अजून वाढतो. कापूस पिकवायला आणि त्याचं कापड करायला ऊर्जा आणि खतं फार लागतात म्हणून असं होतं. याचा अर्थ कापडी पिशवी वाईट असा नाही! एक पिशवी वर्षानुवर्षं वापरली तर उत्तम, पण दर कार्यक्रमात फुकट मिळते म्हणून कपाटात ढीग जमवला तर काही फायदा नाही. जुन्या चादरीची किंवा शर्टाची शिवलीत तर सगळ्यात छान, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागला नाही.

प्रश्न: संपलेले सेल, जुना मोबाइल, उडालेले बल्ब ड्रॉवरमध्ये पडलेत. कचऱ्यात टाकलं तर चालेल का?

उत्तर: कृपया टाकू नका, यातला प्रत्येक प्रकार वेगळा आहे. मोबाइल, इअरफोन, पॉवरबँक यांच्यात लिथियमची बॅटरी असते, ती कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते, असे प्रकार जगभर होतायत आणि त्यात कचरा उचलणारे कामगार सापडतात. सुटी बॅटरी असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज तर मुळीच करू नका, आग न लागणाऱ्या जागी वेगळी ठेवा आणि लवकरात लवकर देऊन टाका. सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडासा पारा असतो, फुटली तर खिडकी उघडून सगळ्यांनी जरा वेळ खोलीबाहेर जा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने पुसा, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. एलईडीत पारा नसतो पण सर्किट असतं, म्हणून तोही ई-कचराच.

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीच्यात तुमच्या-माझ्या घरातले ड्रॉवर पण आले. फोन देण्याआधी त्यातली माहिती पुसा, आणि चालू असेल तर आधी कोणालातरी वापरायला द्या.

प्रश्न: नोकरी, मुलं, घर यातून वेळच मिळत नाही. एखाददुसरीच गोष्ट करायची तर कोणती?

उत्तर: अन्न टाकू नका, हे पहिलं. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून, हॉटेलांतून नाही. फ्रिजचा एकच कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून ठरवा, उरलेलं आणि मऊ पडायला लागलेलं सगळं तिथेच, नजरेसमोर. खरेदीला निघताना त्या कप्प्याचा फोटो काढून न्या, यादी करायलाही वेळ लागत नाही.

दुसरं म्हणजे गरम पाणी. कपडे गरम पाण्यात धुतले तर वॉशिंग मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरतं. ड्रायरऐवजी दोरी वापरा. एकदा सवय लागली की यात वेगळा वेळ जात नाही. रिसायकलिंग चांगलंच, पण ते वस्तू टाकल्यानंतरचं काम आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवताना नव्याच्या मानाने ९५ टक्के ऊर्जा वाचते म्हणून कॅन जरूर द्या, पण कागदाचे तंतू दर वेळी आखूड होत जातात, पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद होत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर आधी कमी आणणं आणि संपवणं यावरच भर द्या.

प्रश्न: बरण्या पुन्हा वापरायच्यात पण लेबलचा चिकट गम निघतच नाही!

उत्तर: कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, कागद सुटेल. उरलेल्या गमावर खायचं तेल आणि खायचा सोडा सारखाच घेऊन, दाटसर लेप करून लावा आणि थोड्या वेळाने जुन्या कापडाने गोल गोल चोळा, गम तेलात सुटून गोळे होऊन निघतो. मग साबणाने धुवा. झाकणाच्या रबराला वास राहिला असेल तर सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून उन्हात उघडं वाळवा, आणि तरीही गेला नाही तर त्या बरणीत खायचं काही न ठेवता स्क्रू, खिळे ठेवा.