माहिती अधिकारात 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर आलं, आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत तुमच्या इमारतीसमोरचं नवं गटार सहा महिन्यांत खचलं. तुम्ही माहिती अधिकारात विचारलंत, काम निकृष्ट का झालं, जबाबदार कोण, कारवाई का केली नाही. उत्तर आलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.' आणि आता तुम्ही विचारताय, या कायद्याचा आपल्यासारख्या साध्या माणसाला काही उपयोग असतो का.

असतो. मी कळव्यात राहते, खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते, आणि माझ्या पहिल्या अर्जालाही अगदी हेच उत्तर आलं होतं.

राग येईल, पण ते उत्तर कायद्याला धरूनच आहे. 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे जे कागदावर किंवा संगणकावर आहे तेवढंच. 'का' या प्रश्नाचं उत्तर तिथे लिहिलेलं नसेल, तर अधिकाऱ्याने ते तुमच्यासाठी तयार करून द्यायचं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये हे स्पष्ट केलंय आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये हाच धागा धरला, जी माहिती अस्तित्वात आहे तीच मिळेल. आमच्या इमारतीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. माझा अर्ज वाचून ते म्हणाले, "ताई, माहिती मागू नका, कागद मागा. सरकारात प्रत्येक कामाचा कागद असतो आणि प्रत्येक कागदाला नाव असतं." मग त्यांनी माझ्याकडून नावं लिहून घेतली. तीच तुम्हाला सांगते.

गटाराचं कोणतंही काम निघालं की आधी अंदाजपत्रक होतं, मग प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश), आणि काम झालं की मोजमाप पुस्तिका, जिला सगळे 'एम.बी.' म्हणतात. तिच्यावरूनच ठेकेदाराचं देयक, म्हणजे बिल, निघतं. शिवाय निविदेच्या अटींत दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे अमुक वर्षांत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. तुमचं गटार सहा महिन्यांत खचलंय, म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद बहुधा हाच.

आता अर्ज असा लिहा: अमुक ठिकाणच्या, अमुक काळातल्या गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोष दायित्वाची अट यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात, तसंच या कामाच्या संपूर्ण नस्तीचं अवलोकन करू द्यावं. (नस्ती म्हणजे फाईल, अवलोकन म्हणजे ती तिथे बसून पाहणं.) बास. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तक्रारीचा पाल्हाळ लावायला जागाच नाही. जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. (रेल्वे किंवा टपाल खात्यासारख्या केंद्राच्या कार्यालयात हे तिकीट चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा.) अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तुमच्या भागात आणखी एक घोळ होतो: हे गटार बांधलं कोणी? सिडको, महापालिका, एमआयडीसी, की कुणाच्या निधीतून दुसऱ्याच यंत्रणेने? याचा शोध लावणं तुमचं काम नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'आमच्याकडे येत नाही' असं म्हणून परत करता येत नाही.

अवलोकन हा शब्द मी मुद्दाम घालायला सांगितला. लोक प्रती मागतात आणि घरी बसून वाट बघतात. फाईलसमोर जाऊन बसण्यात जी ताकद आहे ती मी स्वतः पाहिली आहे. कलम 2 मध्येच काम, दस्तऐवज, अभिलेख पाहण्याचा, टिपणं घेण्याचा, एवढंच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. शिवाय 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय केली. हा निर्णय छापून सोबत न्या, कारण समोरच्या टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

2019 मध्ये मी अशीच एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. तिथल्या लिपिकाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे कशाला हवंय?" मी म्हटलं, "कारण विचारता येत नाही, कलम 6(2)." आवाज थोडा कापत होता, पण बोलले. पाऊण तासाने लाल फितीत बांधलेली नस्ती आली. एका बाजूला टिपणी, म्हणजे खालच्या टेबलापासून साहेबांपर्यंत कोणी काय शेरा मारला ते. दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. आणि वेगळी, कडा मळलेली मोजमाप पुस्तिका. तिच्यात रकाने असतात: लांबी, रुंदी, खोली, परिमाण. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या ओळीत लांबी होती 88 मीटर.

आदल्या दिवशी मी आणि शेजारच्या वहिनींनी शिंप्याच्या टेपने नव्हे, सुताराकडून आणलेल्या लांब टेपने ते गटार मोजलं होतं. 62 मीटर. अख्खी गल्लीच 70 च्या वर जात नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली, पण आपल्याच दारातलं 26 मीटर न बांधलेलं गटार कागदावर पाहताना पोटात जे होतं ते वेगळंच. पान क्रमांक वहीत उतरवले, त्याच 14 पानांच्या प्रमाणित प्रती मागितल्या. पानाला 2 रुपये, 28 रुपये भरले. त्या प्रती जोडून तक्रार दिली. फेरमोजणी झाली, आणि फरकाची रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वळती केल्याचं पत्र आलं तेव्हा अकरा महिने झाले होते. आमच्याही गटाराचा खचलेला भाग त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुरुस्त झाला.

प्रत्येक वेळी असं होत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रथम अपील करा, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागा: जोडपत्र 'ब', 20 रुपयांचं तिकीट. 30 दिवसांनंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6), हेही अपिलात लिहा. सुनावणीला नक्की जा. प्रथम अपिलाला फार महत्त्व द्या, कारण पुढचं दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात जातं. तुम्हाला ते जवळ आहे, पण आयोगाकडे प्रलंबित अपिलांचा ढीग इतका आहे की नंबर लागेपर्यंत गटार पुन्हा एकदा बांधून होईल. दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद आयोगाच्या हातात आहे, म्हणून तिथपर्यंत जायची तयारी ठेवा.

'नस्ती सापडत नाही' असंही उत्तर येईल. घाबरू नका. फाईल गहाळ होणं हे कायद्यातल्या नकाराच्या कारणांत कुठेही नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तसं म्हटलंय. शोध घ्या, जबाबदारी ठरवा, अशी मागणी अपिलात करा.

'वैयक्तिक माहिती' हे कारण आता जास्त ऐकू येईल याची मला खरी काळजी वाटते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलम 8(1)(ञ) मधली, जनहितासाठी ती देण्याची अट काढून टाकली. पण कलम 8(2) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. सार्वजनिक पैशातून निघालेलं ठेकेदाराचं देयक ही कुणाची घरगुती बाब नाही, हे ठामपणे लिहा.

एक विनंती मनापासून. एकट्याच्या नावावर सगळं ओढवून घेऊ नका. जमिनीची प्रकरणं बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा 2010 मध्ये तळेगावात खून झाला, ते विसरता येत नाही. इमारतीतल्या तीन-चार घरांनी वेगवेगळे अर्ज करा, आणि अवलोकनाला कुणाला तरी सोबत घेऊन जा.

तुम्हाला आलेल्या उत्तरावर अपील करण्यापेक्षा नवा अर्ज करणं मला बरं वाटतं. 10 रुपयांत वेळ वाचतो. आणि सोमवारी फाईल बघायला जाण्याआधी, रविवारी सकाळी ते गटार टेप लावून मोजून ठेवा.