दरड तुम्ही कापलीत, भिंतीचा खर्चही तुमचाच

नमस्कार दादा, पत्र आणि फोटो दोन्ही नीट बघितले. संगमेश्वराकडे उताराच्या प्लॉटवर घर बांधलंत, अंगण आणि गाडीसाठी मागची दरड जेसीबीनं दहा फूट उभी कापलीत, पहिल्याच पावसात वरच्या शेजाऱ्यांची माती खाली आली, आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय आणि तुम्ही विचारताय की काँक्रीटची भिंत घालतो पण अर्धा खर्च त्यांनी नको का द्यायला.

नाही. इझमेंट अ‍ॅक्ट 1882 (शेजारच्या जमिनीवरच्या हक्कांचा कायदा), कलम 7 : जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणं हा मालकाचा हक्कच आहे, तो आधार तुम्ही काढलात. त्यांनी गोठा बांधून वजन वाढवलं हा तुमचा मुद्दा तसा चुकीचा नाही, पण गोठा 1996 चा आहे असं तुम्हीच लिहिलंय आणि वीस वर्षं विनाअडथळा आधार मिळाला की कलम 15 खाली तोही हक्क होतो. कलम 34 प्रमाणे भरपाई भरीव नुकसान झाल्यावरच मागता येते हे खरं, पण तुमच्याच फोटोत गोठ्याच्या जोत्याला बोट जाईल एवढा तडा दिसतोय. थांबू नका.

गवंडी जांभ्याचा गडगा सुचवतोय, तो दहा फुटाला नको. आरसीसी भिंतच घाला आणि डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं घ्या. आता खरी गोम इथे आहे, दहा फुटी भिंतीचा पाया साधारण पाच ते सात फूट रुंद लागतो आणि त्याचा बराचसा भाग मागच्या मातीखाली जातो, म्हणजे भिंत बरोबर हद्दीवर घेतलीत तर पाया शेजाऱ्यांच्या जमिनीत, आणि ते सरळ अतिक्रमण. म्हणून आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, मग एकतर भिंत आत सरकवा (अंगण कमी होईल, होऊ द्या) नाहीतर पाया त्यांच्या जमिनीत ठेवायचा लेखी हक्क त्यांच्याकडून घ्या, पण तो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून, नुसत्या नोटरीच्या कागदावर बिलकुल विसंबू नका.

भिंतीला पाण्याची भोकं आणि मागे खडीचा थर हवाच. ओघळांनी भिंत घाण दिसते म्हणून गवंडी भोकं नको म्हणतोय, त्याचं ऐकू नका. मागे तुंबलेलं पाणीच भिंत ढकलतं, आणि वरचं पावसाचं पाणी खाली उतरू द्यायचं हेही त्याच कलम 7 मध्ये आहे.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या, हक्क राखून (म्हणजे चूक कबूल न करता), इंजिनिअरच्या डिझाइनप्रमाणे भिंत बांधतोय एवढंच. खर्चाची मागणी त्यात घालू नका. काम सुरू करण्याआधी दोघांनी मिळून त्या तड्याचे तारखेसकट फोटो काढून सह्या करा, नंतर तडा वाढला की वाढला नाही यावरूनच भांडणं होतात, माझ्या एका पक्षकाराची केस निव्वळ यावर वर्षानुवर्षं चालली. आणि एकदा स्वतः वर जाऊन त्यांना भेटा, घाबरलेत ती माणसं. पाऊस असेपर्यंत दरडीवर ताडपत्री टाका, त्यांना विचारून वर पाण्याला चर काढा, पायाची खोदाई दसऱ्यानंतर, आणि तीही थोडी थोडी, सगळी लांबी एकदम उघडी करू नका.