भावाची २६ व्या वर्षी सकाळी कंबर आखडते, डॉक्टरांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा संशय आहे. काय करावं?

भावाची कंबर पहाटे धरते आणि रानात तासभर काम केलं की मोकळी होते, असं तुम्ही लिहिलंय. हीच मोठी खूण. गादी सरकल्याचं दुखणं सहसा कामाने वाढतं, इथे उलट. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच कमरेखालच्या सांध्यांना आणि मणक्यांना सूज आणते.

एक्स-रे पहिली काही वर्षं नॉर्मल येऊ शकतो. एमआरआय सॅक्रोइलियाक सांध्यांचा (मणक्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड जिथे जुळतं ते सांधे) हवा, नुसत्या कमरेचा बऱ्याचदा पुरत नाही. एचएलए-बी२७ ही रक्ताची जनुकीय तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार पक्का, असंही नाही. तुम्ही बीडला आहात, तर छत्रपती संभाजीनगर गाठा, पण संधिवाततज्ज्ञच बघा.

पट्टा बांधून झोपून राहणं सगळ्यात वाईट. रोज ताण देण्याचे व्यायाम, दीर्घ श्वास, पातळ उशी. आणि बिडी-सिगारेट बंद, त्याने मणका लवकर जखडतो. (रानातलं वाकून काम म्हणजे व्यायाम नव्हे, बरं का!) सुजेच्या गोळ्या उपयोगी आहेत, पण मेडिकलवरून मनाने नकोत; पोट आणि किडनीला त्रास होतो. त्यांनी भागलं नाही तर प्रतिकारशक्तीने आणलेली सूज रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, महाग आहेत, आणि आधी टीबीची तपासणी लागते.

डोळा अचानक लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.