पहिला कोडवाला ठेवताना

प्रश्न : वरूड तालुक्यात संत्र्याच्या बगीच्यांचे सौदे जुळवून द्यायचा आमचा धंदा आहे. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांचे सौदे, इसार, तोडणीची तारीख, कॅरेटांचा हिशोब हे सगळं आजवर वही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं. आता अ‍ॅप करायचं आहे आणि त्यासाठी पहिला माणूस पगारावर ठेवायचा आहे. दोघे आलेत. एक गावातलाच, यंदा बडनेऱ्याहून बी.ई. झालेला, थोडक्यात राजी आहे. दुसऱ्याने पुण्यात आयटी कंपनीत सहा वर्षं काढली. तो तिप्पट मागतो आणि मोर्शीला घरी बसून काम करीन म्हणतो. मी बी.कॉम. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. कोणाला घेऊ?
— एक वाचक, वरूड

उत्तर : पहिला माणूस अनुभवीच घ्या. नवा पोरगा कमी हुशार असतो असं नाही, पण त्याची चूक पकडणारं तुमच्याकडे कुणीच नाही. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवायचा, चालू सर्व्हरवर थेट बदल करायचे, बॅकअप 'नंतर बघू' म्हणायचं, हे पहिल्या वर्षी बहुतेक जण करतात. कंपनीत वरचा माणूस ते थांबवतो. तुमच्याकडे ते ऐन तोडणीत उघडं पडेल. गावातल्या पोराला दुसरा म्हणून घ्या, पाच-सहा महिन्यांनी. तोवर त्याला शिकवणारा आलेला असेल.

पण 'सहा वर्षं' या शब्दांवर भाळू नका. मोठ्या कंपनीत सहा वर्षं एका बँकेच्या एकाच रिपोर्टवर काम केलेली माणसंही असतात, आणि ती त्या कामात चोख असतात. तुम्हाला मात्र रिकाम्या कागदापासून लोकांच्या फोनपर्यंत एखादी गोष्ट नेलेला आणि नंतर सांभाळलेला माणूस हवा. त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. 'तुम्ही केलेलं आज कुठे चालू आहे, दाखवा.' आणि 'ते शेवटचं बंद कधी पडलं, तुम्हाला कसं कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं?' ज्याने खरंच रात्री उठून सर्व्हर चालू केला आहे तो बारकाव्यांसकट सांगतो, स्वतःची चूकही सांगतो. 'आमच्या टीमने केलं' हेच येत राहिलं, तर त्यात तुमच्या हातचं काय, एवढं विचारा आणि गप्प बसा.

मग दोन दिवसांचं काम द्या, पैसे देऊन. फुकट चाचणी देणारे मिळतात, पण चांगल्याला दुसरीकडे काम असतं. काम तुमच्या वहीतलंच ठेवा: शेतकऱ्याचं नाव, गाव, झाडं, ठरलेला भाव, इसार, तोडणीची तारीख एवढ्या रकान्यांचा एक फॉर्म आणि खाली नोंदींची यादी. सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो द्या, आणखी काही सांगू नका. काम सुरू करण्याआधी त्याने 'सौदा झाडावर की बगीचा उक्ता?', 'इसार परत केला तर नोंद कशी करता?' असं विचारलं, तर निम्मी परीक्षा तिथेच झाली.

उरलेली निम्मी तुम्ही घ्यायची. तोडणीच्या मुकादमाकडे असतो तसला स्वस्तातला जुना अँड्रॉइड फोन घ्या. तो एरोप्लेन मोडवर टाकून पाच नोंदी भरा, अ‍ॅप बंद करा, फोनच बंद करून चालू करा. नोंदी दिसल्या पाहिजेत. नेट लावा, पाचही वर गेल्या पाहिजेत. आता खरी मेख. नेट चालू असताना नोंद भरा, 'सेव्ह' दाबा आणि दाबल्याबरोबर नेट बंद करा. थोड्या वेळाने पुन्हा लावा. असं दहा वेळा करा आणि यादी मोजा. दहाऐवजी अकरा-बारा आल्या, तर काय झालं ते समजून घ्या: फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने घेतली, पण 'मिळाली' हा निरोप परत यायच्या आत रेंज गेली. फोनला वाटलं गेलीच नाही, म्हणून त्याने पुन्हा पाठवली. वहीत इसार ५०,०००, अ‍ॅपमध्ये १,००,०००. बांधावर रेंज येते-जाते, तेव्हा हे रोज होणार. इलाज जुना आहे: प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने दुसरी नोंद करायची नाही. चूक निघाली म्हणून माणूस बाद करू नका. तुम्ही दाखवल्यावर त्याला कारण सांगता येतं का आणि ते तुम्हाला कळेल असं सांगतो का, ते पाहा.

एक नोंद 'वरुड' आणि एक 'वरूड' लिहून गावाने शोधूनही बघा. दोन्ही सापडायला हव्यात, नाहीतर गाव टाइप न करता यादीतून निवडायला हवं.

तिसऱ्या दिवशी एक बदल सांगा: इसार दोन हप्त्यांत येतो, दोन्हींच्या तारखा हव्यात. इसाराचा एकच रकाना केलेला असेल तर कच्चा माणूस शेजारी 'इसार २' असा रकाना जोडतो; तिसरा हप्ता आला की पुन्हा तोडफोड. जाणता माणूस पैशांच्या नोंदी सौद्यापासून वेगळ्या काढतो आणि त्याला किती वेळ लागेल तेही सांगतो.

शेवटी ओळखीतल्या एखाद्या जुन्या प्रोग्रामरचे दोन तास पैसे देऊन घ्या. त्याला 'कोड कसा आहे?' असं मोघम विचारू नका. कोडमध्ये पासवर्ड आहेत का, आणि लिहून दिलेल्या सूचना वाचून दुसऱ्या माणसाला हे स्वतःच्या संगणकावर चालू करता येईल का, एवढंच विचारा.

घरून काम करायला हरकत नाही. पहिला महिना मात्र त्याला तुमच्याजवळ बसवा, एक-दोन सौदे जुळताना बघू द्या. नंतर दर शुक्रवारी झालेलं काम तुमच्या फोनवर चालवून दाखवायचं. '८० टक्के झालं' याला अर्थ नसतो.

प्रश्न : ट्रॅक्टर-अवजारं भाड्याने द्यायचं अ‍ॅप बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतलं. पूर्ण पैसे दिले. आता तो फोन उचलत नाही आणि प्ले स्टोअरवर अ‍ॅप त्याच्याच नावावर आहे. आता माणूस नोकरीवर घेणार आहे. काय सांभाळू?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : आधी जुनं. त्याने सहकार्य केलं तर अ‍ॅप त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात हलवता येतं. डाउनलोड आणि अभिप्रायही सोबत येतात. नाहीच ऐकलं तर नव्या पॅकेज नावाने (प्ले स्टोअर अ‍ॅप ज्या नावाने ओळखतं ते) नवं अ‍ॅप चढवावं लागेल आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पुन्हा टाकायला सांगावं लागेल.

कोडच्या मालकीचं म्हणाल तर पूर्ण पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो. बाहेरच्या माणसाने कंत्राटावर लिहिलेला कोड लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याचाच राहतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही लिहून घ्या.

नव्या माणसाच्या वेळी सगळी खाती तुम्ही काढा आणि त्याला आत घ्या. उलटं करू नका. डोमेन, सर्व्हर, कोड ठेवायचं गिटहब खातं (खाजगी कोडसाठीही ते मोफत मिळतं), ओटीपीच्या एसएमएससाठीची डीएलटी नोंदणी (धंद्याच्या नावाने एसएमएस पाठवायला ती लागते), हे सगळं धंद्याच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर. प्ले कन्सोलचे, म्हणजे प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवायच्या खात्याचे, २५ डॉलर एकदाच लागतात. संस्थेच्या नावाने खातं काढायला डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो. वैयक्तिक नवं खातं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. हंगामाच्या आदल्या आठवड्यात हे कळलं की पेरणी हुकते.

महिन्यातून एकदा बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर डेटा उभा करायला लावा आणि नोंदींचा आकडा जुळवा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेलं पोतं.

'सोडल्यावर दोन वर्षं दुसरीकडे काम करणार नाही' असं कलम टाकायला वकील सुचवतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. त्यापेक्षा एक-दोन महिन्यांची नोटीस आणि त्या काळात काय-काय हवाली करायचं त्याची यादी लिहा.

प्रश्न : मित्र प्रोग्रामर आहे. पगार नको, निम्मी भागीदारी दे म्हणतो. देऊ का?
— एक वाचक, पुसद

उत्तर : पहिल्या दिवशी निम्मी देऊ नका. साध्या भागीदारी फर्ममध्ये फर्मच्या कर्जाला दोघंही पूर्ण जबाबदार असतात, हेही त्याला सांगा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा आणि हिस्सा चार वर्षांत पिकेल असा करार करा. समजा २० टक्के ठरले: वर्ष भरल्यावर ५ पक्के, पुढे दर महिन्याला थोडे-थोडे, दहाव्या महिन्यात गेला तर शून्य. सोबत घर चालेल एवढा पगार द्याच, नाहीतर नागपुरातून नोकरीचा फोन आला की तो जाईल आणि त्यात त्याची चूक नसेल. पुढे पगारी माणसांना शेअरचे पर्याय (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) द्यायचे झाले तर तेही अशाच कंपनीत देता येतात, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) नाही. दिल्याच्या तारखेपासून हक्क पक्का व्हायला किमान १ वर्ष जावं लागतं.