रोजच्या जगण्यात संशोधन, वैज्ञानिक विचार वगैरेचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो. बोअर मारताना होतो, आणि तिथेच कोणी वापरत नाही.

आमचं गाव माण तालुक्यातलं. 2012-13 च्या दुष्काळात काकांची डाळिंबं डोळ्यांदेखत वाळायला लागली तेव्हा त्यांनी पाणाड्या आणला. माणूस पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं फिरायचा आणि पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. बांधाजवळ राहिला, काकांनी तिथं दगड ठेवला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, अंगात मस्ती, म्हटलं आता डोळ्याला टॉवेल बांधून परत फिरा. काका लालेलाल झाले, "देवमाणसाची परीक्षा घेतोस व्हय रे?" पण तो पाणाड्याच म्हणाला बांध की. हे मुद्दाम सांगतो, माणूस लबाड नव्हता, त्याचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास होता. मी त्याला दोनदा गोल फिरवलं आणि सोडलं. दगडावरनं तो सरळ चालत गेला, नारळ ढिम्म हलला नाही, आणि पार गोठ्याकडं गेल्यावर नारळ उभा राहिला. टॉवेल सोडल्यावर त्याने एकदा दगडाकडं बघितलं, एकदा गोठ्याकडं, आणि म्हणाला खाली दोन झरे आहेत.

तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी आली, दगडाच्या जागीच बोअर मारली आणि 210 फुटाला दीड इंच पाणी लागलं. झालं. तेव्हापासून दर दिवाळीला मला ऐकवतात, "लागलं का नाही पाणी?"

लागलं. पण प्रश्न तो नव्हताच ना! नारळाशिवाय लागलं असतं का, हा होता. म्हणून पुढच्या सुट्टीत मी वही घेऊन गावभर फिरलो. 34 बोअरची माहिती मिळाली. पाणाड्याने दाखवलेल्या 25, त्यातल्या 10 कोरड्या. मालकाने आपल्या मनाने, नाहीतर गाडी आत घुसेल तिथं मारलेल्या 9, त्यातल्या 4 कोरड्या. म्हणजे फरक काहीच नाही. फक्त पाणाड्याच्या 15 सगळ्यांच्या तोंडपाठ आणि 10 कोणाला आठवत नाहीत, विचारलं तर "आमचं नशीब".

आपल्याकडे राज्याचा जवळपास 80 टक्के भाग बेसाल्टचा, काळा पाषाण. त्याच्या पोटात नदीसारखा झरा वाहत नसतो, पाणी असतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यात. जुन्या पाणाड्यांना ओढा कुठं, उतार कुठं, उंबर कुठं हे नजरेनेच कळतं, हात नकळत तिकडं हलतो आणि नारळ उठतो. म्हणून तर डोळे बांधायचे. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं, खाली पाण्याचा पाइप हलवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो ओळखायचा. 500 जणांतून निवडलेले 43, चाचण्या 843. निदान 37 जणांना काहीच जमलं नाही. उरलेल्या सहांना खरंच जमलं का यावरून शास्त्रज्ञांचं आपसात भांडण झालं, कारण त्यांचेही अंदाज बहुतेक वेळा चुकलेलेच होते.

मग करायचं काय? बोअर मारायच्या आधी आजूबाजूच्या दहा बोअरची खोली, कोणत्या फुटाला पाणी लागलं आणि मे महिन्यात किती राहतं हे लिहून काढा. कोरड्या गेलेल्यांना आधी विचारा, ते आपणहून सांगत नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 पासून आहे, तिथं जाऊन या. त्यांचाही सर्व्हे फेल जातो हे मान्य, मशीन लावलं म्हणजे पाणी लागलंच असं नाही. आणि माझी वही म्हणजे काही संशोधन नाही, एका गावाच्या 34 बोअर, त्यातही लोकांनी जे सांगितलं तेच लिहिलेलं. औषध, गुंतवणूक, मुलांचे क्लास, तिथंही हाच हिशोब लावता येईल, पण त्यातलं मला फार कळत नाही.

बाकी काकांची ती बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात आटली, शेजाऱ्याने पलीकडे 400 फूट मारल्यावर. काका म्हणतात पाणाड्याने पाणी दाखवायचं कबूल केलं होतं, टिकवायचं नाही. यंदा दुसरी मारायची चाललीय. नारळ आणलाय म्हणे. मी टॉवेल घेऊन निघालोय.