एम६ आलं की मशीन अडतं

प्रश्न : अमळनेरला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. छोटं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) आहे, त्याला चालवणारा कंट्रोलर जीआरबीएलचा. देवघराच्या सागवानी दारावर नक्षी काढायला ६ मि.मी. एंड मिल, ३ मि.मी. बॉल नोज आणि व्ही बिट अशी तीन टूल लागतात. फाइलमध्ये ‘टी२ एम६’ (दोन नंबरचं टूल निवड, टूल बदल) आलं की एरर २० येऊन मशीन थांबतं. टूल आपोआप बदलायचा प्रोग्राम कसा लिहू? आणि मधेच लाइट गेली तर?

उत्तर : भाऊ, मशीन ठणठणीत आहे. मूळ जीआरबीएल टी२ वाचून पुढे जातं, पण एम६ त्याला येतच नाही. म्हणून ती एरर. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरला एम६ येतं. पण त्याआधी टूलच्या लांबीचं माप पक्कं करा. टूल हाताने बदला नाहीतर हवेवर चालणाऱ्या यंत्रणेने, नव्या बिटाचं टोक कुठे आहे हे मशीनला कळलं नाही तर फळी गेलीच. आणि सागाचा भाव मी तुम्हाला काय सांगायचा!

कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) बिट दर वेळी थोडा वर-खाली बसतोच. म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात टूल सेटर (टोक टेकलं की सिग्नल देणारं बटण) कायमचा बसवा. होमिंग करून (मशीनला त्याची मूळ जागा शोधायला लावून) जी५३ ने, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या मापात, झेड वर घ्या, सेटरच्या डोक्यावर जा, जी३८.२ या टेकेपर्यंत जाण्याच्या हुकमाने मिनिटाला २०० मि.मी. फीडने खाली या. टेकलं की २ मि.मी. वर, आणि ४० च्या फीडने पुन्हा टेका. हे दुसरं माप खरं. लांब टूल सेटरला वरच टेकतं. पहिल्या टूलच्या मापाशी येणारा हा फरक अधिक-उणे चिन्हासकट जी४३.१ ला, म्हणजे टूलच्या लांबीची दुरुस्ती करणाऱ्या हुकमाला, द्या. सध्या प्रत्येक टूलची फाइल वेगळी काढा, मध्ये हाताने बिट बदला. एका दाराला तीन बिट, एवढ्यासाठी एटीसी स्पिंडलचा (टूल आपोआप बदलणाऱ्या, बिट फिरवणाऱ्या मोटरचा) खर्च मला पटत नाही. एकाच नक्षीची दारं रोज निघत असतील तर जरूर घ्या.

एटीसी घेतलंत, की लिनक्ससीएनसीत एम६ रीमॅप करून, म्हणजे त्या हुकमाला स्वतःचा सबरूटीन (छोटा प्रोग्राम) जोडून, तो लिहायचा. हालचाली सोप्या असतात. जुनं टूल ठेवताना फोर्कमध्ये (टूल ठेवायच्या चिमट्यात) आडवं शिरायचं, पकड सोडायची, वर जायचं. नवं घेताना रिकाम्या स्पिंडलने वरून उतरायचं, पकडायचं, आडवं बाहेर यायचं. खरी मेहनत तपासणीत आहे. एम५ हा थांबायचा हुकूम दिल्यावर स्पिंडल लगेच थांबत नाही, म्हणून तो थांबल्याचा सिग्नल घ्या. पकड सुटली का, पुन्हा बसली का, हे सेन्सरवर एम६६ ने, म्हणजे सिग्नलची वाट बघणाऱ्या हुकमाने, तपासा. वेळेत सिग्नल आला नाही तर #५३९९ या नोंदीत उणे १ येतं, तिथेच प्रोग्राम थांबवा. नुसता जी४ चा ठराविक वेळेचा थांबा देऊन पुढे जाणारा सबरूटीन मी कुणालाही वापरू देणार नाही. टेपरमध्ये (स्पिंडलच्या निमुळत्या खाचेत) भुसा अडकला तर टूल तिरपं बसतं, म्हणून नवं टूल घेण्याआधी हवेचा झोत हवाच.

आता लाइटचं. एटीसी स्पिंडलमध्ये टूल स्प्रिंगने धरलेलं असतं आणि हवेने सुटतं, त्यामुळे कॉम्प्रेसर बंद पडला तरी टूल पडत नाही. धोका वेगळाच आहे. साध्या टूल चेंजरवर लिनक्ससीएनसी पुन्हा सुरू झालं की स्पिंडल रिकामा आहे असं धरून चालतं. आत एक नंबरचं टूल असताना तुम्ही टी२ एम६ दिलंत, तर ते दोन नंबरच्या टूलवर वरून आदळेल. म्हणून लाइट आल्यावर आधी होमिंग, मग स्पिंडलमध्ये डोळ्यांनी बघून ‘एम६१ क्यू१’ (स्पिंडलमध्ये एक नंबरचं टूल आहे) असा खरा नंबर द्यायचा, त्यानंतर लांबी पुन्हा मोजायची. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस लावलात तर नंबर लक्षात राहतो, तरी नजर टाकाच.

पहिल्या चाचणीला होल्डरमध्ये बिटाऐवजी लाकडी दांडी लावा, वेग १० टक्क्यांवर ठेवा आणि हात इमर्जन्सीच्या बटणावर.