डीएनडी असूनही उमेदवाराचा फोन कसा येतो?

प्रश्न : माझा मोबाईल क्रमांक डीएनडीमध्ये, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत, नोंदवलेला आहे. तरीही नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराच्या ध्वनिमुद्रित आवाजातले फोन दिवसाला तीन-चार वेळा येत होते. एकदा आईच्या तपासणीचा निकाल कळवणारा फोन समजून पोळपाटावरून उठून धावले, तर पलीकडून ‘नमस्कार, मी आपला...’ सुरू झाले. हे कायद्यात बसते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : डीएनडीचा इथे उपयोग होत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचे २०१८ चे नियम व्यापारी संदेशांसाठी आहेत. १९०९ या फोन क्रमांकावर आपण बँका, घरबांधणी, शिक्षण, पर्यटन अशा विषयांना नकार कळवतो, पण त्या यादीत राजकीय प्रचार हा विषयच नाही. २००४ साली अटलबिहारी वाजपेयींचा मुद्रित आवाज घरोघरच्या फोनवर आला, तेव्हा त्याचे थोडे अप्रूप तरी होते.

मात्र या फोनना अगदीच मोकळे रान नाही. घाऊक एसएमएस आणि ध्वनिसंदेश यांचा मजकूर, दूरचित्रवाणीवरील जाहिरातींप्रमाणेच, माध्यम प्रमाणन समितीकडून आधी संमत करून घ्यावा, असे निवडणूक आयोगाचे बंधन आहे, आणि त्याचा खर्च विधानसभा उमेदवाराच्या ४० लाख रुपयांच्या मर्यादेत धरला जातो. अडचण अशी की, संमती घेतली आहे की नाही, हे फोन उचलणाऱ्याला कळण्याची सोय नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार प्रचाराच्या साध्या पत्रकावरही मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापावे लागतात; कानात येऊन बोलणाऱ्याला मात्र ती सक्ती नाही, हे मला उफराटे वाटते. कॅनडात २ मे २०११ रोजी, मतदानाच्याच दिवशी, ग्वेल्फ येथील मतदारांना निवडणूक यंत्रणेच्या नावाने ‘तुमचे मतदान केंद्र बदलले आहे’ असे खोटे मुद्रित फोन गेले. त्यानंतर २०१४ च्या कायद्याने तिथे असे फोन करवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडेही निदान संदेशाच्या आरंभी पैसे देणाऱ्याचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक उच्चारला जावा.

पुढच्या वेळी क्रमांक, तारीख आणि वेळ टिपून ठेवा, जमल्यास संदेश ध्वनिमुद्रित करा आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन ‘या संदेशाला प्रमाणपत्र होते का, आणि खर्च दाखवला आहे का’ एवढेच विचारा. निवडणूक नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असेल, तर ती राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते. अर्जावरचा पत्ता तेवढा बघून घाला.